अमेरिकेतल्या कॉलेजची तब्येत फी भरायच्या आधी कशी तपासायची

रँकिंग सगळेच बघतात, पण पोरगं पास होईपर्यंत ते कॉलेज टिकणार का हे फारसं कुणी बघत नाही. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने ३१ मे २०२४ ला सांगितलं की आम्ही ७ जूनला बंद करतोय. एक आठवडा फक्त! तेव्हा जरा खणून बघा, माहिती ऑनलाइन फुकट मिळते.

आधी कॉलेज कुठल्या जातकुळीचं ते ओळखा. हार्वर्ड (१६३६), येल (१७०१) ही जुनी प्रायव्हेट मंडळी देणग्यांवर गब्बर आहेत, २०२५ च्या कायद्याने त्यांच्या फंडाच्या कमाईवरचा टॅक्स ८ टक्क्यांपर्यंत नेला तरी ती काही बुडणार नाहीत. दुसरी लँड-ग्रँट वाली. १८६२ मध्ये लिंकनने मॉरिल कायद्यावर सही केली, राज्यांना केंद्राकडून जमिनी मिळाल्या, त्या विकून शेती-इंजिनिअरिंग शिकवणारी कॉलेजं उभी राहिली, पर्ड्यू आणि टेक्सास ए अँड एम त्यातलीच. ही सहसा बंद पडत नाहीत, पण २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी हात आखडता घेतला आणि त्याची भरपाई बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या मुलांच्या फीतून होते, म्हणजे आपल्याच खिशातून.

खरी भीती छोट्या प्रायव्हेट कॉलेजांची, कारण फंड लहान आणि सगळा संसार फीवर. १९४४ च्या जीआय बिलाने, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या कायद्याने, युद्धावरून परतलेले सैनिक कॉलेजात आले, मग त्यांची पोरं आली, १९६५ च्या कायद्याने सरकारी मदत आणि कर्जं वाढली, सगळ्यांनी धडाधड बिल्डिंगा बांधल्या. आता भरायला मुलंच कमी पडतायत. २००७ मध्ये तिकडे ४३ लाखांवर बाळं जन्मली, नंतर मंदी आली आणि आकडा घसरत गेला, ती घसरण आत्ता अठरा वर्षांची होतेय. नफ्यासाठी चालवलेल्या कॉलेजांच्या तर वाटेलाच जाऊ नका असं माझं मत, कॉरिन्थियन २०१५ ला आणि आयटीटी टेक २०१६ ला कोसळलं.

आता प्रत्यक्ष काम. कॉलेज प्रायव्हेट आणि ना-नफा असेल तर प्रोपब्लिकाच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या वेबसाइटवर नाव टाकून त्याचा फॉर्म ९९०, म्हणजे टॅक्स खात्याला दिलेला वर्षाचा जमाखर्च, उघडा. पहिल्याच पानावर ओळ १२ म्हणजे एकूण उत्पन्न, १८ म्हणजे खर्च, १९ म्हणजे उरलं किती, आणि गेल्या वर्षीचा आकडा शेजारच्याच रकान्यात असतो. एखादं वर्ष तोटा चालतो, पण चार-पाच वर्षांचे फॉर्म उघडले आणि ओळ १९ दरवेळी मायनसमध्येच दिसली तर सरळ पुढचं कॉलेज बघा. मग सरकारच्या कॉलेज नेव्हिगेटरवर जाऊन पहिल्या वर्षाची किती मुलं दुसऱ्या वर्षाला टिकतात ते बघा, ॲक्रेडिटेशन (म्हणजे मान्यता) कुणाचं आहे तेही तिथेच कळतं.

स्कॉलरशिप मिळाली म्हणून लगेच पेढे वाटू नका, प्रायव्हेट कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात, दिवाळी सेलसारखंच हे. ऑफर लेटरमध्ये ग्रँट (जी परत करायची नसते) आणि लोन एकाच यादीत घालून खाली मोठ्ठी बेरीज दाखवलेली असते, तेव्हा पेन घेऊन लोनच्या ओळी खोडा आणि उरलेल्यावरच हिशोब करा. सूट चारही वर्षं आहे का आणि त्यासाठी किती जीपीए लागतो, हे ईमेलवरच विचारा, फोनवर नको.

भारतातून जाणाऱ्यांनी एक प्रश्न जास्तीचा विचारायचा, कॉलेज बंद पडलं तर मुलांना कुठे सामावून घेणार, त्याचा लेखी करार आहे का? त्याला तिकडे टीच-आउट म्हणतात. व्हिसा आय-२० नावाच्या फॉर्मवर टिकून असतो आणि तो फॉर्म कॉलेज देतं, त्यामुळे कॉलेज गेलं की दुसरीकडे ट्रान्सफर घ्यायची धावपळ मुलालाच करावी लागते.