स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि दाह : गणिती मॉडेल मांडताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच समीकरणात होते. गाठीच्या वाढीला दाहाचं पद सरळ अधिक चिन्हाने जोडलं जातं : दाह जास्त, वाढ जास्त. याला आधार आहे. 2007 साली उंदरांवर दिसलं, की प्रौढ वयात केरास (पेशींच्या वाढीचा इशारा देणारं जनुक) बिघडवूनही स्वादुपिंडाचा कॅन्सर होत नव्हता. सेरुलिन (स्वादुपिंडाचा दाह घडवणारं द्रव्य) देऊन जुनाट दाह निर्माण केल्यावर मात्र झाला. पण टीजीएफ-बीटा हा पेशींमधला संदेशवाहक रेणू सुरुवातीला पेशींचं विभाजन रोखतो आणि पुढे तोच गाठीच्या पथ्यावर पडतो. गाठीभोवतालच्या तंतुमय ऊतीचंही तसंच. ती विरळ केली तर औषध आत पोचेल, अशी 2009 मधल्या कामाने मोठी आशा लावली. 2014 मध्ये ही ऊती घटवलेल्या उंदरांत गाठी उलट अधिक आक्रमक झाल्या. म्हणून चिन्ह कायमचं ठरवून टाकू नका. दाहाचा परिणाम गाठीच्या अवस्थेनुसार बदलेल असं फलन घ्या.

सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) अडकतो, किंवा साइटोकाइनची (दाहात पेशी सोडतात त्या संदेशवाहक रेणूंची) पातळी ऋण दिसते? साइटोकाइन मिनिटा-तासांत विरतात, गाठ दिवसा-महिन्यांनी वाढते. अशा वेगवेगळ्या गतीच्या समीकरणांना इम्प्लिसिट सॉल्व्हर (पुढच्या क्षणाचं मूल्य समीकरणातच धरून सोडवणारा) लागतो. आधी एककं मात्र तपासा. निम्म्या वेळा घोळ तिथेच सापडतो, असा माझा अनुभव.

दर वेळी फिटिंगमधून (मॉडेल मोजमापांशी जुळवताना) वेगळेच पॅरामीटर, म्हणजे मॉडेलमधले दर आणि स्थिरांक, येत असतील, तर संगणकाला दोष देऊ नका. तुमच्याकडे फक्त गाठीचं आकारमान आहे. मॅक्रोफेजचा (एक प्रकारची प्रतिकारपेशी) साइटोकाइन स्रवण्याचा दर दुप्पट केला आणि साइटोकाइनचा वाढीवरचा प्रभाव निम्मा, तर (प्रभाव रेषीय असल्यास) आलेख तंतोतंत तोच येतो. या माहितीतून दोघांचा गुणाकारच कळतो. एकतर साइटोकाइन मोजा, नाहीतर दोन्ही मिळून एकच पॅरामीटर ठेवा. सुबक आलेख पाहून सुटे आकडे छापणं मला खरोखर धोक्याचं वाटतं, कारण पुढे कुणीतरी त्यावरून औषधाचा डोस सुचवतं.

उंदराचा वाढदर माणसाला लावू नका. माणसात पहिल्या जनुकीय बदलापासून कॅन्सरची मूळ पेशी तयार व्हायलाच दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, असा 2010 मधला अंदाज आहे.

शेवटी एक चाचणी कराच. मॉडेलमधला दाह वेगवेगळ्या दिवशी शून्य करून पाहा. लवकर थांबवला काय, उशिरा थांबवला काय, गाठीच्या वाढीत काहीच फरक पडत नसेल, तर अवस्थेचं फलन पुन्हा उघडा.