पॅकिंगचं टेबल फॅब्रिकेटरकडे टाकण्याआधी

उंची टेबलाची ठरवायची नसते, हातांची ठरवायची असते. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं, म्हणून आधी तेच. टेबलावर बसणाऱ्या नव्हे, उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीच्या कोपराची उंची घ्या: पायात रोजची चप्पल, खांदे सैल, कोपर काटकोनात, जमिनीपासून टेप. खोके भरणं, पट्टी मारणं असलं हलकं काम उभ्याने करताना हात कोपराच्या 10 ते 15 सेंमी खाली चालायला हवेत. कोपर 95 सेंमीवर असेल तर हात 80 ते 85 वर. आता 25 सेंमीचा खोका ठेवून वरून भरायचा म्हटलं की टेबल 55 ते 60 वर आलं. फॅब्रिकेटर न विचारता 75 चं ठोकून देतो. मग हात 100 वर जातात, कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी बाहेर येतात आणि खांदे उतरतच नाहीत. खोक्याचे फ्लॅप उभे राहिले तर आणखी दहाएक सेंमी. बाहेर दुमडा, नाहीतर मापात धरा.

माल बदलला की परत मोजा. 10 सेंमीचा डबा आला तर तेच टेबल खोल पडेल आणि कंबर वाकेल. त्यासाठी पाय पाइपात पाइप घालून करा, दर अडीच सेंमीला भोक आणि बोल्ट. ते खर्चिक वाटत असेल तर टेबल सगळ्यांत उंच बाईच्या मापाचं करा आणि बाकीच्यांना पायाखाली फळीचा चौथरा द्या. चौथरा टेबलाच्या पूर्ण लांबीचा हवा. तुकडा ठेवलात तर बाजूला पाऊल टाकताना कुणीतरी पडणारच. उलटं मात्र करता येत नाही: बुटक्या टेबलासाठी उंच बाईला जमिनीत पुरता येत नाही.

वेल्डिंगआधी विटा आणि प्लायवूड रचून एक दिवस काम करून बघा. खोका ठेवून, भरलेला. रिकाम्या प्लायवर हात फिरवून काही कळत नाही. आणि कसं वाटतं ते संध्याकाळी चारला विचारा, सकाळी दहाला सगळ्यांना बरंच वाटतं.

टेप, लेबलं, कटर कोपर न उचलता मिळतील असे, साधारण 40 सेंमीच्या आत. क्वचित लागणारं त्यापलीकडे. बारीक छपाई तपासायची असेल तर ते काम इथे नको. त्याला कोपराच्या 5 ते 10 सेंमी वरचा पृष्ठभाग आणि हात टेकायला जागा लागते. टेबलाची कड गोल करून घ्या, उघडा अँगल मनगटात रुततो. खाली पाऊल आत जाईल एवढी मोकळी जागा ठेवा, नाहीतर बाई लांब उभी राहते आणि पुढे वाकते.

पाऊचचं तोंड बंद करायचं, पायाने दाबायचं सीलर मशीन उभ्याने चालवायला देऊ नका, सगळा भार एकाच पायावर येतो. त्याला स्टूल द्या. स्टूल तसंही हवंच. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय 1948 च्या कारखाने कायद्यातच, कलम 44 मध्ये, सांगितलेली होती. सिमेंटच्या जमिनीवर रबरी मॅट, आणि एक पाय आलटून-पालटून ठेवायला 15 सेंमीवर आडवा पाइप.

टेबल 55 वर आलं की भरलेला खोका उचलताना वाकणं आलं. म्हणून उचलायचाच नाही: त्याच उंचीचे रोलर लावा आणि सरकवा. पॅलेटवर, म्हणजे खोके रचायच्या फळ्यांच्या चौकटीवर, पहिला थर जमिनीलगत येतो, खाली दोन रिकामे पॅलेट टाका.

उजेड, पंखा वगैरे कळतंच. पंख्याचा झोत पाऊचवर नको. बाकी वायरी वरून घ्या. ऑर्डरच्या कागदावर फक्त टेबलाची उंची लिहू नका, खोक्याची उंचीही शेजारी लिहा.