नागपुरात घर बांधताय? आधी पश्चिमेचं ऊन मोजा

जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, की घरात पहिली चर्चा एलिव्हेशनची होते. समोर काच किती, रेलिंग कसलं, दगड कोणता. प्रतापनगरात आमचंही तेच झालं. वर गच्चीवर सोलर लावू, म्हणजे घर पर्यावरणपूरक झालंच, असं आम्ही धरून चाललो होतो. सोलर शेवटी येतो. घर थंड कसं राहील हे त्याच्या बरंच आधी, नकाशा काढतानाच ठरतं.

पाडायच्या आधी एक उन्हाळा

जमलं तर जुन्या घरात एक मे महिना वही घेऊन काढा. दुपारी चारला आणि रात्री दहाला प्रत्येक खोलीचं तापमान लिहा. शेजारच्या अपार्टमेंटची सावली आपल्या अंगणात किती वाजता येते, तेही लिहा. वसलेल्या वस्तीत ही सावली फुकट मिळते, पण ती कुठे पडते हे कोणताही आर्किटेक्ट एका भेटीत सांगू शकत नाही.

झाडांची नोंद याच वहीत करा. पश्चिमेचा कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि ऊन तापेपर्यंत पुन्हा गच्च होतो. त्याच्यासाठी पार्किंग दोन फूट सरकवा. तसंही शहरात झाड तोडायला १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

स्ट्रक्चरल इंजिनिअर जुन्या भिंती ठणठणीत म्हणत असेल, तर पाडूच नका. पाडावंच लागलं, तर सागवानी चौकटी आणि पल्ले आधी उतरवून कोरड्या जागी ठेवा. आमच्या ठेकेदारानं त्या भंगारात काढल्या, आणि नंतर तेवढ्याच सागवानाचा भाव ऐकून आम्ही गप्प बसलो.

छज्जा कुठे, भिंत कुठे

मिस्त्री म्हणाला, "काकू, चारी बाजूनं दीड-दीड फुटाचा छज्जा देऊन टाकतो, टेन्शनच नाही." गणित करून पाहिलं. दक्षिणेची खिडकी ४ फूट उंच, तिच्या लगेच वर दीड फुटाचा छज्जा. २१ मार्चला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ६९ अंशांवर असतो, त्यामुळे खिडकी जवळजवळ पूर्ण सावलीत जाते. एप्रिल-मेमध्ये तो आणखी वर चढतो. डिसेंबरात मात्र ४५ अंशांपर्यंत उतरतो, आणि खिडकीच्या खालच्या अडीच फुटांतून ऊन आत येतं. थंडीत ते हवंच असतं.

आता हाच छज्जा पश्चिमेला लावा. मेमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य ३० अंशांच्या आसपास, तिरपा असतो. सावली पडते जेमतेम १० इंच, बाकी सगळं ऊन थेट पलंगावर. म्हणून पश्चिमेला छज्ज्यावर भरवसा नको. तिकडे जिना, न्हाणीघर, कोठीची खोली घ्या. खिडकी लहान ठेवा, तिला बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा जाळी लावा. आतला पडदा उशिरा कामाला येतो, तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. रस्ताच पश्चिमेला असेल तर समोर खोल ओटा घ्या. प्लॉट फिरवता येत नाही, खोल्या फिरवता येतात.

स्लॅब आणि भिंती

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन स्लॅब खातो आणि रात्री ते खाली सोडतो. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, करा. पाडलेल्या घराच्या विटांचे तुकडे इथेच जिरतात. पैसे कमी असतील तर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात मारा.

कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रं जवळ असल्यानं इथे राखेच्या विटा सहज मिळतात. विटा आडव्या न ठेवता उभ्या लावून मध्ये पोकळी सोडायची पद्धत आहे, रॅट-ट्रॅप बॉण्ड म्हणतात तिला. ९ इंची भिंतीत जवळपास पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता कमी शिरते. मिस्त्रीला सवय नसते, म्हणून आधी कंपाउंडच्या भिंतीवर हात बसू द्या.

कूलरची खिडकी

नागपूरकर घरात कूलर आणणारच, मग नकाशात त्याची जागा का नसते? मेमधली कोरडी हवा असते तोवर वाळ्याच्या ताट्या उत्तम काम करतात; पाऊस आला की नुसता दमटपणा. पण आत आलेली हवा बाहेर जायला समोरच्या भिंतीत खिडकी किंवा वरचा झरोका लागतो. तो नसला तर मेमध्येही चिपचिप होते. कूलर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत, सांदवाडीकडून (घराच्या बाजूच्या मोकळ्या बोळाकडून) बसवा आणि पाण्याचा नळ तिथपर्यंत न्या.

पाणी

इथे वर्षाला सरासरी १,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १,००० चौरस फूट गच्चीवरून गळती-वाफ वजा जाता ७० ते ७५ हजार लिटर पाणी मिळतं. सुरुवातीच्या पावसाचं पाणी सोडून द्या, मग गाळून टाकीत किंवा जुन्या विहिरीत घ्या. विहीर बुजवू नका.

शोषखड्डा मात्र विचार करून. काळी माती पाणी पीत नाही. ती फुगते, सुकली की भेगाळते आणि पाया हलवते. खड्डा मुरुमापर्यंत न्यावा लागतो आणि पायापासून निदान ३ मीटर लांब ठेवावा लागतो. छोट्या प्लॉटवर एवढी जागा नसेल, तर टाकीच बरी.

जोत्याची उंची आजच्या रस्त्यावरून ठरवू नका. सिमेंट रस्ते झाल्यावर किती जुनी घरं खड्ड्यात गेली, ते आपल्याच गल्लीत दिसेल. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा एक-दोन पायऱ्यांनीही फरक पडला. आणि सगळं अंगण फरशीनं मढवू नका.

आता सोलर

१ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरलेलं आहे. सांगाडा माणूस खालून चालेल इतका उंच घ्या. वीजही होते आणि स्लॅबला सावलीही मिळते. तोंड दक्षिणेला ठेवा, पण जागा ठरवण्याआधी शेजारी काय उभं राहू शकतं याचा अंदाज घ्या. आम्ही पॅनेल दक्षिणेच्या कडेला लावले, आणि त्याच बाजूचा बैठा बंगला यंदा बिल्डरकडे गेला.