तिथी बघून गाडी काढा: ठाण्याहून नराऱ्याला

जामनगरजवळच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जायचं तर हॉटेलच्या आधी ओहोटीची चौकशी करायची. उद्यानातल्या नरारा या किनाऱ्यावर पाणी मागे हटलं की समुद्राचा तळ लांबवर उघडा पडतो आणि घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालत जिवंत प्रवाळ बघता येतं. बोट लागत नाही, पोहता यावं लागत नाही. पण पाणी हटलंच नाही तर आठशे किलोमीटर गाडी हाकून तिवरं बघायची आणि परत फिरायचं. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी टाकणारे पुष्कळदा नेमके भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या, दिवसांत पोचतात, आणि मग ‘तिथे काही नाही’ असं सांगत सुटतात.

कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. 1980 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, 1982 मध्ये त्यातल्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पसाऱ्यात 42 बेटं आहेत. पिरोटन हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. पण बेटांवर जायला वेगळ्या परवानग्या आणि बोट लागते, म्हणून पहिल्या फेरीत त्याचा नाद सोडा. नराऱ्यापर्यंत थेट गाडी जाते.

दिवस कसा ठरवायचा

आपल्याकडे किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतात: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, आणि त्याच्या आगेमागे सव्वासहा तासांनी, बाराच्या आसपास, ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. कॅलेंडरात सूर्योदयाला असलेली तिथी छापतात, ती धरा.

आता अष्टमीची भर दुपारची ओहोटी सोयीची वाटते. फसू नका. ते भांगाचे दिवस. पाणी चढतंही थोडं आणि उतरतंही थोडं. पाणी खोल उतरतं ते उधाणाच्या दिवसांत, पौर्णिमा-अमावास्येच्या लगेच पुढे. मात्र ऐन पौर्णिमेला ओहोटी भल्या सकाळी आणि संध्याकाळी पडते, दोन्ही वेळा उजेडाची बोंब. म्हणून नेम धरायचा तो द्वितीया ते चतुर्थीचा. तृतीयेला तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सकाळची ओहोटी साडेआठच्या सुमारास. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नवाच्या पुढे. थोडक्यात, संकष्टी किंवा विनायकीच्या आदल्या दिवशी तुम्ही नराऱ्याच्या फाटकावर असायला हवं. पंचमीनंतर पाणी भांगाकडे झुकतं.

ही पाऊणपट ठाणे-मुंबईच्या किनाऱ्याची आहे. कच्छच्या आखातात पाणी ओख्याकडून शिरतं आणि आत कांडल्याकडे सरकत जातं, म्हणून जसजसं आत जावं तसतशी वेळ पुढे जाते. तिथी फक्त दिवस निवडायला वापरा. तास-मिनिटं ओखा, सिक्का किंवा वाडिनारच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघा. त्यात वेळेशेजारी पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. आपल्या दिवसाची सकाळची ओहोटी किती उतरते ते बघा आणि पुढच्या-मागच्या दिवसांशी ताडून पाहा. आकडा जितका लहान तितकं पाणी लांब गेलेलं.

हंगाम हिवाळ्याचा. पावसाळ्यात नरारा बंद असतं. दिवाळीची सुट्टी सोयीची दिसते, पण हिशोब करा: भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. ओवाळणी उरकून तृतीयेच्या पहाटे निघालात तर नराऱ्याला उतरायला पंचमी उजाडते. शिवाय बेसतुं वर्षापासून (पाडव्याला येणारं गुजराती नवं वर्ष) लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) निम्मा गुजरात द्वारकेच्या वाटेवर असतो आणि जामनगरात खोल्या मिळत नाहीत. त्यापेक्षा दत्तजयंतीच्या पौर्णिमेनंतरची वद्य प्रतिपदा धरून निघा. हवा थंड, पाखरं आलेली, गर्दी कमी.

पाच दिवसांची मांडणी

प्रतिपदेला पहाटे निघून वडोदरा किंवा आणंदला मुक्काम, द्वितीयेला जामनगर, तृतीयेला नरारा. चतुर्थी राखीव ठेवा. वाटेत काही बिघडलं किंवा एक दिवस वाया गेला तरी ओहोटी हाताशी राहते. काही बिघडलं नाही तर चतुर्थीची सकाळ खिजडियाच्या पक्षी अभयारण्यात घालवा. जामनगरहून अर्ध्या तासावर, एका बांधाच्या अलीकडे गोडं पाणी आणि पलीकडे खारं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ते गेल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं. आपली ठाणे खाडीही त्याच वर्षी यादीत गेली. मग दुपारी वडोदऱ्याकडे परत फिरा आणि पाचव्या दिवशी घर.

दोघं चालवणारे असतील तर पहिल्याच दिवशी राजकोट गाठता येतं. एकट्यानं हा उद्योग करू नये. बगोदऱ्याच्या पुढे अंधार पडला की रोही (नीलगायी) आणि गुरं रस्त्यावर येतात, आणि सौराष्ट्रात छकडे (मोटारसायकलच्या तोंडाच्या तीनचाकी गाड्या) उलट्या बाजूनं, बिनदिव्याचे येतात.

ठाण्याहून सीमेपर्यंत

माजिवड्याहून घोडबंदर रोड, गायमुखचा घाट, फाउंटनच्या नाक्यावरून वर्सोवा पूल आणि राष्ट्रीय महामार्ग 48. पहाटे चारला माजिवडा सोडलं तर हा तुकडा पाऊण तासात होतो; सातला निघालात तर घाटातच दोन तास गेले समजा. एवढ्या प्रवासात सगळ्यांत जास्त बेभरवशाचे हेच वीस किलोमीटर आहेत. वाशी-ऐरोलीकडच्यांनी कळवा-विटाव्याच्या फंदात पडू नये. ऐरोली पूल, मुलुंड, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि तीन हात नाक्यावरून माजिवडा. भिवंडी-वाडा-मनोर हा रस्ता नकाशावर मोकळा दिसतो, तो खड्ड्यांमुळे. अंधारात तिकडून जाऊ नका.

पुढे मनोर, चारोटी, तलासरी, आणि आच्छाड संपलं की गुजरात. खासगी गाडीला सीमेवर कसला परवाना किंवा कर लागत नाही. गाडीची नोंदणी, लायसन्स, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतं. पिवळ्या पाटीची गाडी भाड्यानं घेतली असेल तर मालकाकडे अखिल भारतीय पर्यटन परवाना आहे का, की गुजरातचा कर आधी भरला आहे, ते निघण्यापूर्वी कागद बघून ठरवा. तोंडी ‘सगळं आहे साहेब’ हे सीमेवर चालत नाही.

गुजरातेत दारूबंदी आहे. डिकीत राहिलेली एखादी अर्धी बाटलीसुद्धा गुन्हा ठरते आणि त्यात गाडी जप्त होऊ शकते, म्हणून बॅगा भरतानाच तपासा, मित्रांच्याही. वापीहून दमणचा वळसा घेऊन परत महामार्गाला लागणाऱ्या गाड्या विशेष तपासल्या जातात. तो वळसा या फेरीत नको.

पेट्रोल गुजरातेत लिटरमागे काही रुपये स्वस्त असतं. ठाण्यातून सीमेपलीकडे पोचण्यापुरतं, दीडशे किलोमीटरचं, पेट्रोल ठेवून निघा आणि भिलाड किंवा वापीला टाकी भरा. डिझेलच्या दरात तेवढा फरक पडत नाही. सीएनजीवाल्यांनी टाकीच्या तपासणीचा दाखला जवळ ठेवावा. ती दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि मुदत उलटलेली दिसली तर पंपावर गॅस मिळत नाही.

टोलनाके बरेच आहेत, खानिवड्यापासूनच सुरुवात. फास्टॅगमध्ये पैसे आधी भरा. टॅग चालला नाही तर रोखीत दुप्पट जातात. महामार्गावर गाडी बंद पडली तर 1033, बाकी कशालाही 112.

सीमेपलीकडे

सुरत शहरात शिरायचं कारण नाही. पलसाणा, कडोदरा, कामरेजवरून महामार्ग बाहेरूनच जातो. अंकलेश्वर-भरूच पट्ट्यात ट्रक साचतात, तिथे अर्धा-पाऊण तास जादा धरा. वडोदऱ्यापुढे नकाशा पुष्कळदा अहमदाबादवरून नेतो. वासदला डावीकडे तारापूरचा रस्ता धरा आणि बगोदऱ्याला राजकोटच्या महामार्गाला लागा. मग लिंबडी, चोटिला, राजकोट, ध्रोळ, जामनगर. ठाण्यापासून एकूण पावणेआठशे-आठशे किलोमीटर.

टायरची हवा थंड असताना, दाराच्या कडेच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. स्टेपनीची हवाही. ती वर्षभर कुणी बघत नाही आणि लागते तेव्हा बसलेली निघते.

नराऱ्यावर

ओहोटीच्या दोन तास आधी फाटकावर पोचायचं. जामनगर-द्वारका रस्त्यावरून वाडिनारच्या फाट्याला उजवीकडे वळून साधारण साठ किलोमीटर; सव्वा-दीड तास धरा. शेवटच्या टप्प्यात दुकानं नाहीत, तेव्हा पाणी, खाणं, इंधन जामनगरातच. वन खात्याच्या चौकीवर ओळखपत्र दाखवून पास काढायचा. माणशी, गाडीचे, कॅमेऱ्याचे आणि वाटाड्याचे पैसे वेगळे. सुटे पैसे जवळ असू द्या. वाटाड्या हवाच: तळाला लपलेलं त्याला दिसतं, आणि पाण्याच्या वाटा त्याला पाठ असतात. ड्रोन घरी ठेवा. राष्ट्रीय उद्यान आहे, शेजारी तेलाची बंदरं आहेत. नसती चौकशी मागे लागते.

पायात जुने कॅनव्हासचे, नाडीचे, जाड तळाचे बूट घाला. फ्लोटर चिखलात रुतून निघतात, गमबूट पाणी भरून जड होतात, आणि अनवाणी गेलात तर कालवांच्या कडा पाऊल चिरतात. मोजे घाला, नाहीतर वाळू घासून टाचा सोलतात. हातात काठी. वाळूवरून चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा सरकवत न्या, म्हणजे वाळूत दबून बसलेलं पाकट (चपटा मासा) आधीच सरकतं. थेट अंगावर पाय पडला तर ते शेपटीचा काटा मारतं. खडकावर हिरवं शेवाळ दिसलं तर वळसा घाला.

बघायचं ते डबक्यांत. घाईनं चालत सुटलं तर काही दिसत नाही. एका डबक्याशी पाच मिनिटं उकिडवे बसा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. आधी खेकडे हलतात. मग दगडाचा म्हणून वाटलेला तुकडा रंग बदलून सरकतो, तो ऑक्टोपस. मेंदूसारख्या घड्या असलेला गोळा म्हणजे प्रवाळ. तो जिवंत असतो आणि बुटाखाली मरतो, म्हणून पाऊल कायम वाळूवर किंवा उघड्या खडकावर. समुद्रफुलं, समुद्रकाकड्या, केंड मासे सगळे इथेच. कुणी केंड हातात धरून फुगवून दाखवायला लागला तर नको म्हणा. तो जीव वाचवायला फुगतो, आणि पाण्याबाहेर हवा भरली तर ती बाहेर काढता काढता त्याचा जीव जातो. समुद्रकाकडीला फार हाताळलं तर ती स्वतःची आतडी बाहेर टाकते. मेलेला शिंपलाही खिशात घालू नका. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

आता परतीची वेळ. कोष्टकातली ओहोटीची वेळ झाली की मागे फिरायचं, पाणी अजून लांब दिसत असलं तरी. भरती सारख्या वेगानं येत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात तसे दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. पाच मीटरची भरती धरली तर पहिल्या तासात पाणी जेमतेम चाळीस सेंटिमीटर चढतं, म्हणून माणूस गाफील राहतो. दुसरा तास संपेपर्यंत ते सव्वा मीटर होतं, दहा वर्षांच्या पोराच्या गळ्याशी. त्यातून पाणी समोरून येतं असं समजून लोक समुद्राकडे बघत राहतात. आधी भरतात ते मागचे ओहळ, तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधले. जाताना घोट्याएवढा ओलांडलेला ओहळ येताना मांडीला लागला, तर उशीर झालेला असतो. लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले यांना शेवटच्या मोठ्या ओहळाच्या अलीकडेच थांबवा. प्रवाळ सोडलं तर बरंचसं तिथेही दिसतं.

येताना

येताना दुसराही रस्ता आहे: भावनगरजवळच्या घोघ्याहून सुरतेच्या हजिऱ्याला गाडीसकट नेणारी फेरी, 2020 पासूनची. खंभातच्या आखाताचा वळसा वाचतो, चालवणाऱ्याला चार-एक तास पाठ टेकता येते. मात्र वेळा बदलतात आणि वारा वाढला की फेरी रद्द होते, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून, गाडीचं आरक्षण हातात असेल तरच घोघ्याकडे वळा.

बूट-मोजे त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुऊन वाळवा, नाहीतर दोन दिवसांत डिकी बांगड्याच्या टोपलीसारखी वास मारते. जामनगरची सुकी कचोरी मात्र टिकते, ती किलोभर घ्या. आणि पेट्रोलची गाडी असेल तर वापीला टाकी पुन्हा भरा. घोडबंदरला अडकलात तरी ते पेट्रोल पुरून उरतं.