केसांआधी हाडे: कुत्र्याचे आणि घोड्याचे हुबेहूब व्यक्तिचित्र

कुत्र्याचे किंवा घोड्याचे व्यक्तिचित्र करताना नवशिका चित्रकार बहुधा पहिल्याच दिवशी केस रंगवू लागतो. केस म्हणजे कवटी आणि स्नायू यांवरचे आवरण आहे. खालचा आकार चुकला, तर वरचे नाजूक काम त्याला सावरू शकत नाही. इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्ज (१७२४–१८०६) यांनी हॉर्कस्टो या खेड्यात सुमारे १८ महिने मेलेल्या घोड्यांचे विच्छेदन करून एकेक थर रेखाटला, आणि १७६६ मध्ये ती रेखाटने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तेवढे श्रम आपल्याला करावे लागणार नाहीत, तरी कवटीचे चित्र शेजारी ठेवूनच पहिले रेखाटन करावे, असा माझा आग्रह आहे.

संदर्भासाठी छायाचित्र घेताना कॅमेरा जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवर आणि थोडा दूर असावा, कारण फार जवळून टिपले की कुत्र्याचे नाक फुगलेले आणि कान आखूड दिसतात. फ्लॅश टाळावा, त्याने डोळे चमकतात आणि त्यांचा खरा रंग हरवतो.

डोळ्याला मात्र हवा तितका वेळ द्यावा, कारण ओळख तेथेच पटते. कुत्र्याची बाहुली गोल असते, घोड्याची आडवी लांबट, आणि तिच्या वरच्या कडेला काळपट दाणेदार उंचवटे दिसतात. हा बारकावा सुटला की घोड्याच्या चेहऱ्यावर माणसाचा डोळा बसवल्यासारखे वाटते. वरच्या पापणीची सावली बुबुळावर आधी घ्यावी, आणि चमकेचा ठिपका शुद्ध पांढरा न ठेवता आकाशाच्या प्रकाशात किंचित निळसर करावा.

काळ्या अंगासाठी ट्यूबमधला काळा रंग सरसकट वापरू नये. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) यांच्या मिश्रणातून येणारा गडदपणा अधिक जिवंत दिसतो. मोठे छायाप्रकाश आधी पातळ रंगाने मांडून घ्यावेत, तैलरंगात जास्त तेलाचे थर नंतर चढवावेत, आणि मगच केसांकडे वळावे. कुत्र्याच्या नाकावरचे आखूड केस कपाळाकडे वळलेले असतात, तर घोड्याच्या कपाळावरच्या भोवऱ्यापासून ते चहूकडे फाकतात. भोवऱ्याची जागा घोड्यागणिक वेगळी असल्यामुळे ती अंदाजाने टाकू नये. प्रत्येक केस रंगवण्याची गरज नसते. जेथे उजेड सावलीला मिळतो तेथे थोडे केस सुटे दाखवले, तरी उरलेले पाहणाऱ्याची नजर भरून काढते.

पार्श्वभूमी साधी ठेवावी. स्टब्ज यांनी सुमारे १७६२ मध्ये ‘व्हिसलजॅकेट’ हा घोडा जवळजवळ मोकळ्या पार्श्वभूमीवर उभा केला, आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्या चित्रात नजर घोड्यावरून हलत नाही. मिशांचे लांब केस सर्वांत शेवटी, पातळ रंगाने आणि एकाच ओढीत काढावेत.