१ मार्चला तीर्थनवर पाऊस लागला, तर ट्राउटसाठी काय करायचं

हिमाचलात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मासेमारीवर १ नोव्हेंबरला बंदी लागते आणि ती १ मार्चला उठते. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे पाऊस-बर्फाचे ढग, येण्याचे दिवसही तेच. कुलू जिल्ह्यात तीर्थन नदीच्या खोऱ्यात तेव्हा खाली पाऊस आणि वर जलोडी खिंडीत बर्फ हे नेहमीचंच. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा एकच दिवस असतो, म्हणून पाणी कसंही असलं तरी ते गळ टाकत राहतात. निदान तीन-चार दिवस हाताशी ठेवा. मत्स्यविभागाचा परवाना दिवसागणिक मिळतो, तेव्हा सगळ्या दिवसांचे पैसे आधीच भरू नका.

सकाळी उठून आभाळ बघण्यापेक्षा नदीवर जा. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःचा बूट दिसतो का बघा. स्पष्ट दिसला तर पाऊस चालू असला तरी मासेमारी होईल. अंधूक दिसत असेल तर उलट चांगलंच, कारण अशा पाण्यात ट्राउट बुजत नाही आणि काठाजवळ येतो. घोट्यापर्यंतसुद्धा दिसत नसेल, पाणी चहासारखं असेल आणि पानं-काटक्या वाहत असतील, तर रॉड बाहेरच काढू नका. गढूळ पाण्यात माशाला आमिष दिसत नाही. शिवाय वाहत्या ओंडक्यांपुढे माणसाचं काही चालत नाही.

वर बर्फ पडतोय की पाऊस, यावर सगळं अवलंबून असतं. बर्फ पडत असेल तर पाणी वरच अडकतं, नदी उथळ, नितळ आणि फार गार राहते. साचलेल्या बर्फावर पाऊस पडला तर मात्र दोन्हीचं पाणी एकदम खाली येतं. काठाला पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी बघा. दोन बोटं पाणी चढलं की बाहेर. गुशैणीला फलाचनचा ओढा तीर्थनला मिळतो. नदी आणि ओढा यांतलं एक गढूळ आणि दुसरं स्वच्छ, असं पुष्कळदा होतं, म्हणून दोन्ही बघूनच परत फिरा. खाली लारजी धरणाच्या पुढे, बियासच्या पात्रात मात्र उतरूच नका. जून २०१४ मध्ये तिथे धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी वाहून गेले होते.

थर्मामीटर जवळ हवाच. ट्राउट मनापासून खातो ते १० ते १६ अंशांच्या पाण्यात. ५ अंशांखाली तो डोहाच्या तळाशी पडून राहतो आणि तोंडापाशी आलेलंच उचलतो. त्यामुळे पहाटे पाचला जाऊन कुडकुडण्यात काही अर्थ नाही. गार दिवशी साडेदहा ते तीन ही खरी वेळ. एखाद्या अंशाने पाणी तापलं तरी फरक जाणवतो.

आमिष तळाशी आणि सावकाश. स्पिनिंगला (धातूचं चकचकीत आमिष फेकून ओढायची पद्धत) ७ ते १० ग्रॅमचा चमचा (चमच्याच्या आकाराचा पत्रा) किंवा २ नंबरचा स्पिनर (ओढताना पातं फिरतं असं आमिष) घ्या: नितळ पाण्यात चांदीचा, गढूळसर पाण्यात सोनेरी. धारेला आडवा टाका, तळाला टेकू द्या, मग पातं जेमतेम फिरेल इतक्याच वेगाने रीळ गुंडाळा. तीन-चार वेळा तळाला अडकत नसेल तर तुम्ही वरून ओढताय. फ्लायवाल्यांनी, म्हणजे नकली किडे लावून मासे धरणाऱ्यांनी, ३ मिलिमीटरच्या जड टंगस्टन मण्याची १० किंवा १२ नंबरची निंफ (पाण्यातल्या अळीसारखा नकली किडा) लावावी, मासा लागल्याचं दाखवणारा तरंगणारा इंडिकेटर पाण्याच्या खोलीच्या दीडपट वर. धारेत उभं राहून धारेतच टाकू नका. मासा मोठ्या गोट्यांमागे आणि डोहाच्या शेपटीकडच्या संथ पाण्यात असतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. बधिर बोटांनी मासा सोडवताना त्याची किंमत कळते.

हवेचं तापमान शून्याखाली गेलं की दोरी ज्यांतून जाते त्या रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरतो आणि दोरी अडते. अशा वेळी ओढाताण केली की टोकाचं कडं तुटतं. टोक पाण्यात बुडवा, बर्फ आपोआप सुटेल. कड्यांना आधीच लिप बाम चोळून ठेवलं तर हे उशिरा होतं. आभाळ गडगडलं की रॉड खाली ठेवून लांब जा, कारण कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. आणि रस्त्याकडेच्या कापलेल्या डोंगराखाली कधीही उभे राहू नका, पावसात तिथून दगड सुटतात.

जीन्स घालू नका. भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर किंवा पॉलिएस्टर भिजूनही थोडीफार ऊब धरतं. वेडर (बुटांसकट छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार) घातलात तर कमरेचा पट्टा घट्ट आवळा, म्हणजे पडलात तरी आत लगेच पाणी भरणार नाही. मांडीच्या वर पाणी नको आणि हातात काठी हवी. सोबत्याचे शब्द अडखळायला लागले, हात ऐकेनासे झाले, की मासेमारी तिथेच संपवा. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, गरम गोड चहा द्या. दारू अजिबात नाही. तिने ऊब आल्यासारखं वाटतं, पण अंग आणखी गार पडतं.

पात्रात चालताना बारीक खडीचे फिकट, घासून काढल्यासारखे पट्टे दिसले तर वळसा घाला. त्या खडीत थंडीत घातलेली ब्राउन ट्राउटची अंडी असतात; ती इतक्या गार पाण्यात उबायला शंभरएक दिवस घेतात, आणि पिल्लं त्यानंतरही काही आठवडे खडीतच राहतात. बंदी उठली तरी मार्चमध्ये तुमच्या बुटाखाली ती असू शकतात.

ढग हटल्यावर लगेच धावू नका. पहिल्या उन्हाच्या दिवशी दुपारपासून बर्फ वितळून पाणी पुन्हा चढतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जा, फलाचनच्या तोंडापासून सुरुवात करा, आणि पाणी चढायला लागेपर्यंत खालच्या डोहांकडे सरकत राहा.