तुमच्या गाडीवर खोटा क्लेम पडला? मग या चुका टाळा

"आमची गाडी तिथं नव्हतीच, मग घाबरायचं कशाला?" विम्याच्या कामात हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी उलट एकच प्रश्न विचारतो: समन्सवर तारीख कोणती आहे? गाडी तिथं नव्हती हे तुम्हाला माहीत आहे, न्यायाधिकरणाला (म्हणजे अपघात-भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) नाही. तुम्ही लेखी म्हणणं दिलं नाही तर फाइलमध्ये समोरच्याचंच म्हणणं राहतं, आणि निकाल त्या फाइलवरून लागतो.

असे दावे का होतात ते आधी समजून घ्या. अपघात करून पळालेली गाडी सापडली नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात (१ एप्रिल २०२२ पासूनचे दर). कुणी स्वतःच मोटारसायकलवरून घसरून पडला असेल तर थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीच्या विम्यातून, काहीच मिळत नाही. पण गाडीचा नंबर असेल आणि तिचा विमा चालू असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मागायच्या रकमेला वरची मर्यादा नाही. म्हणून कुणाची तरी गाडी शोधून आणून 'बसवली' जाते. उत्तर प्रदेशात असे बनावट दावे इतके वाढले की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने खास तपास पथक नेमावं लागलं, आणि पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात लक्ष घातलं. प्रत्येक वेळी समोरचा लबाड असतोच असं मात्र नाही. अंधारात नंबर चुकीचा वाचला जातो, कागदावर एक अक्षर इकडचं तिकडे होतं. दोन्ही प्रकारांत तुम्ही करायचं काम तेच आहे.

समन्स ड्रॉवरमध्ये टाकणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कराडकडचे एक शिक्षक, माझे जुने ग्राहक. एके दिवशी घरी बेलिफ आला, मुलाने सही करून समन्स घेतलं. समन्स सोलापूरच्या न्यायाधिकरणाचं. गुरुजी कधी सोलापूरच्या रस्त्याला गेलेले नाहीत, अपघात साताऱ्याच्या बाजूला हायवेवर झालेला, आणि कागद सोलापूरचा. ओळखीच्या एकाने सांगितलं, "सर, हे फसवणुकीचे कागद असतात, लक्ष देऊ नका." त्यांनी दिलं नाही. खरं तर जखमी माणूस जिथं राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा लावता येतो, कायद्यातच तशी सोय आहे. समन्स लांबच्या जिल्ह्यातून आलं म्हणजे ते खोटं, ही समजूत आधी डोक्यातून काढा.

दावेदाराच्या वकिलाने गुरुजींच्या जुन्या विमा कंपनीला पक्षकार केलं होतं. कंपनीने म्हणणं दिलं की अपघाताच्या तारखेला आमची पॉलिसी नव्हती. ते खरंच होतं, कारण गुरुजींनी आदल्या वर्षीच कंपनी बदलली होती. हजर राहून नवी पॉलिसी दाखवली असती तर नवी कंपनी दाव्यात आली असती. कुणीच बोललं नाही. निकाल एकतर्फी लागला आणि सगळी रक्कम एकट्या गुरुजींच्या अंगावर आली. कलम १७४ प्रमाणे ही रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. तलाठी कागद घेऊन दारात उभा राहिला तेव्हा गुरुजी माझ्याकडे आले.

पहिल्यांदा आम्ही दाव्याच्या सगळ्या कागदांच्या नकला मागवल्या. एफआयआरमध्ये गाडीच्या नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे होते आणि रंग पांढरा लिहिलेला. पोलिसांनी वाहन न मिळाल्यामुळे 'ए समरी' दिलेली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. पुढची अक्षरं दाव्याच्या अर्जातच पहिल्यांदा उगवली होती. गुरुजींची गाडी करड्या रंगाची, आरसीवर तसं छापलेलं.

गुरुजींचा भर मात्र शाळेच्या हजेरीपटावर. "मी त्या वेळी वर्गावर होतो, मस्टर आणतो." मी म्हटलं, "सर, तुम्ही वर्गावर होतात, गाडी कुठे होती?" भरपाईचा बोजा मालकावर येतो, मग गाडी कुणीही चालवत असो. तेव्हा पुरावा माणसाचा नको, गाडीचा हवा. सुदैवाने त्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगला होती. वर्कशॉपच्या जॉब कार्डवर गाडी आत आल्याची नि बाहेर पडल्याची नोंद होती, किलोमीटर रीडिंगसकट. एकतर्फी हुकूम रद्द करण्याचा अर्ज, उशीर माफ करण्याचा अर्ज, समोरच्याच्या खर्चाची रक्कम, सोलापूरच्या फेऱ्या, हे सगळं करून गुरुजी सुटले. पहिल्या तारखेला गेले असते तर यातलं बरंच वाचलं असतं.

आणखी एक गोष्ट मला अजून टोचते. त्या दावेदाराचा पाय खरोखरच गेला होता. चुकीच्या गाडीमागे धावण्यात त्याचाही काळ वाया गेला. म्हणून न्यायाधिकरणासमोर त्याच्याबद्दल कडवट बोलू नका. 'ही गाडी ती नव्हे' एवढंच सांगा आणि कागद ठेवा.

'हजार रुपये दंड भरा, विषय संपवा'

तारखांना कंटाळलेल्या माणसाला हा सल्ला देणारे कोर्टाच्या आवारात पुष्कळ भेटतात. बेदरकार वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल असतो (पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २७९, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१). शिक्षा किरकोळ वाटते. माणूस न्यायाधीशांसमोर 'गुन्हा कबूल' म्हणतो, दंड भरतो आणि घरी जातो.

तीच कबुली काही महिन्यांनी भरपाईच्या दाव्यात पहिल्या पानावर लावलेली असते. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. भरपाईच्या दाव्यात 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरतं. त्यात तुमचीच कबुली हाताशी असेल तर पुढे बोलायला फार थोडं उरतं. चूक तुमची नसेल तर कबूल करू नका. चार तारखा जास्त पडल्या तरी चालतील. लवकर सुटायच्या घाईपायी माणसं स्वतःच्या हाताने खड्डा खणतात आणि मग मला विचारतात, आता काय करायचं.

रस्त्यावर 'मिटवून टाकणं' हाही त्यातलाच प्रकार. गर्दी जमते, माणूस घाबरतो, यूपीआयने पाच हजार पाठवतो आणि मेसेजमध्ये 'अपघाताची भरपाई' असं लिहितो. तुमच्या पॉलिसीत स्पष्ट अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देतो म्हणायचं नाही. जखमीला दवाखान्यात पोचवा, १०८ ला फोन करा, पोलिसांना कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ते तुमचं कर्तव्यच आहे, आणि माणूस म्हणूनही करायलाच हवं. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर मात्र सही करू नका, मग समोर कुणीही उभं असो.

कंपनीला 'कळवलं' असं समजणं

मी स्वतः एजंट आहे, तरी सांगतो: एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. समन्स, वकिलाची नोटीस, पोलिसांचं पत्र, जे येईल ते त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि शाखेत एक प्रत देऊन पोच घ्या. पोचेवर शिक्का आणि तारीख हवी. गाडी तुमची नव्हतीच असं वाटत असलं तरी कळवा, आणि पत्रात तसं स्वच्छ लिहा.

त्याच्याच जोडीची चूक म्हणजे कंपनीचा वकील आहे म्हणून निर्धास्त राहणं. तो कंपनीचा वकील आहे. चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं, परमिट नव्हतं, असं काही निघालं तर तोच तुमच्या विरुद्ध उभा राहील. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून हा रस्ता पक्का आहे: अशा वेळी कोर्ट कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. स्वतःचा वकील लावा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

विकलेली गाडी कागदावर आपल्याच नावावर ठेवणं

'स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय' हे पुरत नाही. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक चार हात फिरली होती, तरी जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच राहिली. एजंटच्या हातात सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) देऊन मोकळे होऊ नका. परिवहन पोर्टलवर नाव बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि त्याची प्रिंट जपून ठेवा.

पुरावा उशिरा शोधणं

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग जागा भरली की पुसलं जातं, बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांतच. माझी सवय अशी: नोटीस हातात आली की त्याच संध्याकाळी सोसायटीला, पेट्रोल पंपाला, दुकानदाराला रेकॉर्डिंग जपून ठेवण्याचं लेखी पत्र द्यायचं. फास्टॅगचं स्टेटमेंट बँकेकडून काढायचं. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढायचे, डेंट नसल्याचेही. नुसता पेन ड्राइव्ह देऊन भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं, ते ज्याचं यंत्र त्याच्याकडूनच घ्या. आपल्या नंबरवर कधीच न गेलेल्या गावचं ई-चलान आलं असेल तर तेही टाकू नका. कुणी तुमच्या नंबरची पाटी लावून फिरतंय याचा तो पुरावा आहे, त्याची पोलिसांत तक्रार करून प्रत ठेवा.

दवाखान्यातली पहिली नोंद न बघणं ही वकिलांच्याही हातून होणारी चूक. जखमीला आणल्याबरोबर एमएलसी रजिस्टरमध्ये (दवाखान्याचं पोलीस केसेसचं रजिस्टर) नातेवाईक जे सांगतात ते लिहिलं जातं. तिथं 'गाडी घसरून पडला' असं असेल आणि बऱ्याच दिवसांनी एफआयआरमध्ये तुमचा नंबर आला असेल, तर ते रजिस्टर न्यायाधिकरणामार्फत मागवा. केवळ एफआयआर उशिरा झाला एवढ्यावर मात्र विसंबू नका. उशीर झाला म्हणून दावा खोटा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे.

थोडक्यात आणखी काही

पोलिसांनी नमुना ३ (चालकासाठी) आणि नमुना ४ (मालकासाठी) दिले तर अपघातापासून ३० दिवसांत भरून द्या. मोटार वाहनांच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चालकाचं आणि मालकाचं म्हणणं तिथंच नोंदवलं जातं, आणि पोलिसांचा सविस्तर अहवाल त्यावर उभा राहतो.

खोटं जॉब कार्ड, जोडलेला साक्षीदार, असलं काही करू नका. 'सगळं मॅनेज करतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खरी बाजू त्यानेच बुडते.

लोकअदालतीत कंपनी तडजोड करत असेल तर हुकूमनाम्यात मालकाकडून वसुली नाही असं लिहिलंय का, ते सही करण्याआधी वाचा.

नूतनीकरणाच्या वेळी नो क्लेम बोनस अचानक शून्य दिसला तर विचारा. गॅरेजवाल्याने तुमच्या सहीवर परस्पर क्लेम टाकलेला असू शकतो. कंपनीने दाद दिली नाही तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करा, आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत.

निकाल विरुद्ध गेला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होतं. रक्कम भरायचा हुकूम ज्याच्यावर आहे त्याला आधी २५ हजार किंवा निम्मी रक्कम, यातलं जे कमी असेल ते जमा करावं लागतं. वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपील नाही. एकतर्फी हुकूम रद्द करून घेण्याची मुदत ३० दिवसांची. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर ती तुम्हाला हुकूम कळल्यापासून मोजतात.